बाइंडिंगचे मूल्य केव्हा काढावे: जावाएफएक्समधील लेझी आणि तत्काळ पद्धतींची निवड

दुकानाच्या बिलाचा एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. त्यात नग आणि दर या दोन प्रॉपर्टी (बदलल्यावर तसे कळवणारी मूल्ये) आहेत आणि त्यांच्या गुणाकारातून मिळणारी एकूण रक्कम हे त्या दोघींवर अवलंबून असलेले बाइंडिंग आहे. नग बदलला की रक्कम बदलणार, हे उघड आहे. पण गुणाकार प्रत्यक्षात होतो केव्हा, नग बदलताक्षणी की कोणी रक्कम विचारील तेव्हा, हा प्रश्न बहुतेक जण बिल चुकेपर्यंत स्वतःला विचारत नाहीत. पहिल्या पद्धतीला ईगर किंवा तत्काळ मूल्यमापन म्हणतात, दुसरीला लेझी. (‘आळशी’ असा शब्दशः अनुवाद मी टाळतो, कारण मागणी आल्याखेरीज काम न करणे हा इथे हिशेबीपणा आहे.) पुढील विवेचन जावाएफएक्स या, खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या जावा लायब्ररीला धरून केले आहे. जेडीके (जावाचा विकास-संच) 11 पासून ते जावासोबत येत नाही, त्यामुळे प्रकल्पात वेगळे जोडून घ्यावे लागते.

सर्वप्रथम आपले बाइंडिंग कसे वागते ते स्वतः मोजून पाहावे. डबलबाइंडिंग या वर्गाचा उपवर्ग लिहावा, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये बाइंड या पद्धतीला (मेथडला) नग आणि दर द्यावेत आणि मूल्य काढणाऱ्या कॉम्प्युटव्हॅल्यू या पद्धतीत गुणाकाराच्या आधी कन्सोलवर एक ओळ छापावी. आता नगाला एकामागून एक पाच वेगळी मूल्ये देऊन शेवटी एकदाच रक्कम वाचावी. कोणताही लिसनर (बदलाची सूचना घेणारा कोड) जोडलेला नसेल तर ती ओळ एकदाच छापली जाते, कारण मधल्या चार रकमा कोणी मागितलेल्याच नव्हत्या. नवीन बाइंडिंग घेऊन त्यावर चेंजलिसनर (मूल्य बदलले की चालणारा लिसनर) जोडला आणि हाच प्रयोग केला, तर ओळ सहा वेळा छापली जाते: जोडताना एकदा आणि प्रत्येक बदलाला एकदा. शेवटच्या वाचनाला तयार मूल्य मिळत असल्याने त्याची वेगळी ओळ पडत नाही.

बाइंडिंगचा कोड दोन्ही वेळा तोच होता. बदलला तो ऐकणारा. चेंजलिसनरला जुने आणि नवे अशी दोन्ही मूल्ये द्यावी लागतात, ती दिली तरच बदल झाला की नाही हे ठरते, आणि नवे मूल्य द्यायचे तर ते काढणे भाग पडते. शिवाय रकमेवर कर, करावर सूट आणि सुटीवर अंतिम देय अशी बाइंडिंगची साखळी असेल, तर टोकाला जोडलेला एकच चेंजलिसनर मागची सगळी साखळी तत्काळ करून टाकतो. म्हणून लेझी की तत्काळ याचा निर्णय बाइंडिंग लिहिताना नव्हे, तर लिसनर जोडताना घ्यावा लागतो, आणि कोडची तपासणी करतानाही मी आधी लिसनरच शोधतो.

दुसरा पर्याय इनव्हॅलिडेशनलिसनरचा आहे. तो फक्त ‘हाती असलेले मूल्य आता शिळे झाले’ एवढेच कळवतो. तो जोडून वरचा प्रयोग केल्यास जोडताना एक आणि शेवटी वाचताना एक अशा दोनच ओळी पडतात. मात्र येथे नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट आहे: मूल्य एकदा शिळे ठरले की कोणी ते पुन्हा वाचेपर्यंत दुसरी सूचना येत नाही. ‘लिसनर पहिल्यांदा चालला, नंतर बंद पडला’ ही तक्रार बहुधा यातूनच येते, आणि लिसनरने मूल्य वाचलेच नव्हते असे निघते.

यानंतर प्रत्येक लिसनरला विचारावे की त्याला मधली मूल्ये खरोखर हवी आहेत का. प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची असेल, किंवा जुन्या आणि नव्या मूल्यातला फरक लागणार असेल, तर चेंजलिसनरच योग्य आहे. गणित गुणाकाराएवढे स्वस्त असेल तर कामाच्या वेगासाठी या निवडीचा विचार करण्याची गरज नाही. खरा धोका वेगळाच आहे. समजा, 10 नग आणि 250 रुपये दर असे 2,500 रुपयांचे बिल आहे, ग्राहकाचा विचार बदलतो आणि आपण ते 4 नग आणि 400 रुपये दर असे करतो. नवे बिल 1,600 रुपयांचे आहे. पण नग बदलल्यानंतर आणि दर बदलण्यापूर्वी चेंजलिसनरला 1,000 रुपये दिसतात, जी रक्कम त्या ग्राहकाच्या बिलात कधी नव्हतीच. तो लिसनर 1,200 रुपयांखालील बिलाला इशारा देणारा असेल तर इशारा फुकट वाजतो. मी लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये असाच इशारा अधूनमधून वाजत असे, आणि कोडमधल्या दोन ओळींचा क्रम उलटा केल्यावर तो थांबल्याने मी चुकीचे समाधान मानून बसलो होतो. पुढे उलट दिशेचा बदल आला आणि तो पुन्हा वाजू लागला.

यावर उपाय असा: इनव्हॅलिडेशनलिसनर जोडावा आणि त्यात रक्कम लगेच न वाचता ते वाचन प्लॅटफॉर्म वर्गाच्या रनलेटर या पद्धतीकडे सोपवावे. नग बदलताच सूचना येते आणि वाचनाचे काम रांगेत लागते. दर बदलतो तेव्हा बाइंडिंग आधीच शिळे असल्याने दुसरी सूचना येत नाही. आणि चालू घटनेचे काम संपल्यावर एकदाच 1,600 रुपये वाचले जातात. सूचना एकदाच मिळण्याचा जो गुण वर अडचण वाटला, तोच येथे उपयोगी पडतो. सी प्लस प्लसमध्ये क्यूटी ही तशीच लायब्ररी वापरणाऱ्यांना याच गरजेसाठी 6.2 आवृत्तीपासून बिगिनप्रॉपर्टीअपडेटग्रुप आणि एंडप्रॉपर्टीअपडेटग्रुप ही जोडी मिळते. त्या दोहोंमधले सर्व बदल एकत्रितपणे लागू होतात.

शेवटी दोन तपासण्या कराव्यात. बाइंडिंग्ज वर्गाच्या क्रिएटडबलबाइंडिंगने बाइंडिंग केले असेल, तर गणितात वाचलेली प्रत्येक प्रॉपर्टी अवलंबित्वांच्या यादीत आहे ना, हे पाहावे. राहून गेलेली प्रॉपर्टी बदलली तरी बाइंडिंगला ते कळत नाही. याच पद्धतीत गणित करताना अपवाद उद्भवला तर प्रोग्रॅम न थांबता लॉगमध्ये इशारा लिहिला जातो आणि मूल्य 0 मिळते, म्हणून अकारण शून्य दिसले की प्रथम लॉग उघडावा. दुसरी तपासणी संदर्भांची. बाइंडिंग आपल्या अवलंबित्वांवर कमकुवत संदर्भानेच लक्ष ठेवते, म्हणजे ती अवलंबित्वे बाइंडिंगला स्मृतीत धरून ठेवत नाहीत, त्यामुळे पद्धतीतल्या स्थानिक चलात ठेवून केवळ लिसनर जोडलेले बाइंडिंग गार्बेज कलेक्टर (न लागणाऱ्या वस्तू स्मृतीतून काढणारी जावाची यंत्रणा) केव्हाही उचलू शकतो, आणि मग लिसनर कोणत्याही त्रुटीशिवाय मुका होतो. पडद्यावरच्या लेबलची टेक्स्टप्रॉपर्टी बाइंडिंगला बांधलेली असेल तर लेबलच त्याला धरून ठेवते. तसे नसेल तर ते बाइंडिंग आपल्या वर्गाच्या एखाद्या फील्डमध्ये ठेवावे.