ग्रूमिंगनंतर कुत्र्याचा कान दुखू लागला, तर या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही आमच्या चिंगीला, म्हणजे आमच्या कॉकर स्पॅनिअल कुत्रीला, घराजवळच्या एका पार्लरमध्ये आंघोळीसाठी आणि केस कापण्यासाठी नेले होते. संध्याकाळी ती मऊ, सुगंधी आणि गळ्यात रुमाल बांधलेली अशी परत मिळाली आणि आम्ही बिल चुकते करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी ती उजवा कान सोफ्याच्या कडेला घासू लागली. तिसऱ्या रात्री ती डोके इतके जोरात झटकत होती, की कान गालावर आपटल्याचा फटफट आवाज शेजारच्या खोलीत येत होता. चौथ्या दिवशी मी कान उचलून जवळून वास घेतला, तर आंबून उतू गेलेल्या पिठासारखा वास आला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी लांब चिमट्याने त्या कानातून कापसाचा एक ओला, तपकिरी बोळा बाहेर काढला. आंघोळीचे पाणी आत जाऊ नये म्हणून पार्लरमध्ये घातलेला तो बोळा काढायचा राहून गेला होता.

पार्लरची चूक ती एक. त्यानंतरच्या पाच दिवसांत आम्ही घरी मात्र एकापाठोपाठ एक चुका केल्या आणि चिंगीचे दुखणे त्यामुळे अधिक लांबले. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल, त्यांना निदान त्या चुका तरी आधीच ठाऊक असाव्यात, म्हणून हे लिहीत आहे.

वाट पाहत बसणे

पार्लरमधून आलेला कुत्रा एखादा दिवस कान खाजवतो, तेव्हा नवीन शाम्पूची खाज असेल, कापलेले केस टोचत असतील, असे वाटणे साहजिक आहे. डोके दोन-चारदा झटकून तो शांत झाला, तर काळजीचे कारणही नसते. परंतु खाजवणे दुसऱ्या दिवशीही चालूच असेल, एकाच कानाकडे त्याचा पंजा पुन्हा पुन्हा जात असेल, कानाला हात लावताच तो अंग चोरत असेल, किंवा कानातून वास अथवा स्राव येत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याची वेळ घ्यावी. मान एका बाजूला कलणे, चालताना तोल जाणे, बुबुळे आपोआप डावी-उजवीकडे हलणे ही लक्षणे त्याहून गंभीर आहेत. त्यांचा संबंध कानाच्या आतल्या भागाशी असू शकतो आणि अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

बाहेरून फारसे काही दिसत नाही, याचे कारण कुत्र्याच्या कानाच्या रचनेत आहे. माणसाच्या कानाची नळी साधारण आडवी आणि आखूड असते. कुत्र्याच्या कानाची नळी मात्र आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते. त्या वळणापलीकडे काय आहे, हे टॉर्च धरूनही आपल्याला दिसत नाही. आत गेलेले पाणी, साबण, केसांचे तुकडे किंवा आमच्या बाबतीत घडले तसा कापूस त्या वळणाशी अडकून राहतो. कॉकर स्पॅनिअलसारख्या जातीत कान जड, लोंबते आणि आतून केसाळ असतात, शिवाय मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही जास्त असतात. त्यात आपल्याकडचा जुलै-ऑगस्टमधला दमटपणा! ओला राहिलेला कान या दिवसांत आपोआप कोरडा होईल, अशी आशा धरण्यात अर्थ नसतो. कुत्र्याच्या त्वचेवर एरवीही थोड्या प्रमाणात असणारे मॅलेसेझिया नावाचे यीस्ट अशा उबदार, ओल्या जागी झपाट्याने वाढते. तो आंबूस वास बऱ्याचदा त्याचाच असतो.

पाहण्याआधीच काहीतरी ओतणे

आमची सर्वांत मोठी चूक ही झाली. घरातल्या मोठ्यांनी मायेने सुचवले म्हणून तिसऱ्या रात्री मी लसूण घालून कोमट केलेले खोबरेल तेल तिच्या कानात सोडले. पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांत कान दुखला की हेच केले जाते, त्यामुळे त्यात काही वावगे असेल असे मनातही आले नाही. प्रत्यक्षात तेलाने तो बोळा अधिकच चिकट झाला, ओल आत कोंडली गेली आणि डॉक्टरांना आधी तेल काढण्यातच बराच वेळ घालवावा लागला. कान इतका सुजला होता, की त्यासाठी चिंगीला भूल द्यावी लागली.

हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर, हळदीचे पाणी यांपैकी काहीही सोललेल्या त्वचेवर पडले की आग होते, आणि एकदा अशी आग झालेला कुत्रा पुढच्या वेळी कानाला हात लावू देत नाही. माणसांचे कानाचे थेंब किंवा मागच्या आजारपणातली उरलेली बाटली वापरणे तर त्याहून धोक्याचे आहे. कानाचा पडदा फाटलेला असेल, तर जेंटामायसिनसारखी काही औषधे आणि क्लोरहेक्सिडिनसारखी जंतुनाशके मधल्या व आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकण्यावर आणि तोलावर परिणाम करू शकतात. पडदा शाबूत आहे की नाही, हे कान तपासण्याच्या दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मग आपल्याला घरी ते कसे कळणार?

इअर बडबद्दल थोडक्यात एवढेच, की तो वापरू नये. तो मळ बाहेर आणत नाही, उलट त्या काटकोनी वळणात ठासून बसवतो.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी कान स्वच्छ करणे

घाणेरडा कान दाखवायचा कसा, या संकोचापोटी निघण्यापूर्वी मी चिंगीचा कान ओल्या कापडाने स्वच्छ पुसून काढला. हेतू चांगला होता, पण त्यामुळे डॉक्टरांना हवा असलेला पुरावाच कमी झाला. कानातला स्राव काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की यीस्ट आहे, जिवाणू आहेत की दोन्ही आहेत, हे थोड्याच वेळात कळते, आणि त्यानुसार औषध बदलते. ही तपासणी न करता नुसत्या नजरेने औषध लिहून दिले जात असेल, तर ती करून घेण्याची विनंती आपण जरूर करावी. डॉक्टर त्याबद्दल रागावत नाहीत.

स्राव कानातच राहू द्यावा. त्याऐवजी पार्लरमध्ये कोणत्या तारखेला गेलो, तिथे काय काय केले, लक्षणे कधी सुरू झाली, घरी कानात काय घातले, हे सगळे न लपवता सांगावे. तेल घातल्याचे सांगताना मला फार अवघडल्यासारखे झाले होते, परंतु तेच सांगणे सर्वांत आवश्यक होते.

पुढची चूक औषधांच्या बाबतीत होते. चार दिवसांत खाज थांबते, वास जातो आणि थेंब बंद होतात. संसर्ग मात्र आत पूर्ण संपलेला नसतो आणि महिन्याभरात तो पुन्हा डोके वर काढतो. सांगितलेले दिवस पूर्ण करून फेरतपासणीला जावेच. कान पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर मूळ कारण पार्लर नसून ॲलर्जी असू शकते आणि तिच्यावर वेगळे उपचार करावे लागतात.

सतत डोके झटकल्याने कधी कधी कानाच्या पाळीतील रक्तवाहिनी फुटते आणि पाळी पाण्याने भरलेल्या उशीसारखी फुगते. कानाजवळच्या केसांचा घट्ट गुंता मशीनने काढल्यानंतरही असे होऊ शकते. घरी सुई टोचून ते रक्त काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ते काम डॉक्टरांचे आहे.

सगळा दोष लगेच पार्लरवर टाकणे, किंवा काहीच न बोलणे

रागाच्या भरात मी पार्लरला फोन करून तावातावाने बोलले आणि समोरून साहजिकच सगळे नाकारले गेले. आज वाटते, की आधी डॉक्टरांचा कागद हातात घ्यायला हवा होता. ग्रूमिंगनंतर दिसणारा कानाचा प्रत्येक त्रास ग्रूमिंगमुळेच होतो असे नाही. पुष्कळदा जुना संसर्ग केसांखाली झाकलेला असतो आणि केस कापल्यावरच तो उघडा पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर फिरलेल्या कुत्र्याच्या कानात गवताचे कुसळ निघते, तर कुणाच्या कानात गोचीड. चांगला ग्रूमर अशी गोष्ट स्वतःहून निदर्शनास आणून देतो, आणि अशा माणसांचे ऋण मानले पाहिजे.

दुसरीकडे, चूक स्पष्ट दिसत असताना ‘जाऊ दे, कुठे वाद घालायचा’ म्हणून गप्प राहणेही योग्य नाही, कारण उद्या त्याच टेबलावर दुसऱ्याचा कुत्रा असणार आहे. बिल, कानाची तारखेसह छायाचित्रे आणि डॉक्टरांनी काय पाहिले व काय काढले याची लेखी नोंद एवढे हाताशी ठेवावे. मग पार्लरच्या मालकाला शांतपणे लेखी कळवून उपचारांचा खर्च मागावा. पैसे देऊन घेतलेली सेवा सदोष असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. कुत्र्याला मारहाण झाल्याचे दिसत असेल, तर प्रकरण १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली येते आणि त्यासाठी पोलिसांकडे जावे. आमच्या बाबतीत मालकाने लेखी पत्र मिळाल्यावर उपचारांचा खर्च दिला. फोनवरच्या भांडणातून काहीही निष्पन्न झाले नव्हते.

पुढच्या वेळी घाई करणे

कान बरा झाला तरी भीती लगेच जात नाही. चिंगी कित्येक आठवडे उजव्या बाजूने हात आला की मान वळवून गुरगुरत असे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला ओरडू नये. दुखते आहे किंवा भीती वाटते आहे, हे सांगायला त्याच्याजवळ तेवढेच साधन असते. आम्ही डाव्या कानापासून सुरुवात केली. एक बोट लावायचे, पनीरचा लहानसा तुकडा द्यायचा आणि थांबायचे. उजवा कान उचलण्यापर्यंत पोहोचायला आम्हाला दोन महिने लागले.

आता तिचे कान मी डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने, त्यांनी ठरवून दिलेल्या अंतराने आणि प्रत्येक आंघोळीनंतर साफ करते. द्रावण नळीत भरायचे, कानाचे मूळ बाहेरून अर्धा मिनिट हलके चोळायचे, आतून चुळचुळ असा आवाज येतो तो ऐकायचा, मग तिला डोके झटकू द्यायचे आणि वर आलेला मळ कापसाने, बोट जाईल तेवढाच पुसून घ्यायचा. निरोगी कान रोज साफ करण्याची मात्र आवश्यकता नाही. अतिस्वच्छतेनेही आतली त्वचा चिडते.

नव्या पार्लरमध्ये मी पहिल्याच भेटीत सांगितले, की कानातले केस उपटू नका. शिह त्झू किंवा पूडलसारख्या जातींमध्ये नळीत केस उगवतात आणि ते उपटण्याची पद्धत सर्रास चालते, पण निरोगी कानातले केस उपटल्याने तिथे बारीक जखमा होऊन उलट दाह सुरू होऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितले असेल, तरच ते काढावेत. ड्रायरचा झोत थेट कानात सोडू नका, हेही सांगते. आंघोळीच्या वेळी कापूस घालायचा असेल, तर त्यांना तो मोठा आणि अर्धा बाहेर दिसेल असा घालायला लावते. चिंगीला परत घेताना मी आधी काउंटरवरच दोन्ही ओले बोळे दाखवायला सांगते, मग दोन्ही कान उचलून आत पाहते आणि त्यानंतरच बिल देते.