थंडरबर्ड पासवर्ड विसरतंय?

‘पासवर्ड लक्षात ठेवा’वर टिक करूनही थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम रोज पासवर्ड मागत असेल, तर बहुधा ‘की४.डीबी’ (key4.db) किंवा ‘लॉगिन्स.जेसन’ (logins.json) ही फाइल बिघडलेली असते. साठवलेले पासवर्ड याच दोन फाइलींत असतात. आधी सेटिंग्जमध्ये दिसतील तेवढे पासवर्ड वहीत उतरवून घ्या, नंतर ते दिसणार नाहीत. मग हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग माहितीतून प्रोफाइल फोल्डर उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि दोन्ही फाइलींची नावं बदला. डिलीट नको, घाई नडते. पुन्हा सुरू केल्यावर नव्या फाइली आपोआप तयार होतात. पासवर्ड एकदाच टाकावा लागतो.

जीमेलची गोष्ट वेगळी: तिथे ‘ओऑथ२’ (OAuth2, म्हणजे गूगलच्याच पानावरून लॉगिन करण्याची पद्धत) निवडा आणि थंडरबर्डमध्ये कुकीज चालू ठेवा.