कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा निधी: फॉर्म कसा भरायचा, हिशेब कुठे विचारायचा

हा पैसा पालकांच्या हातात येत नाही आणि त्यासाठी वेगळा अर्जही नसतो. शाळेत नाव घालताना भाषेचा जो फॉर्म भरून घेतात, तिथून मूल ‘इंग्लिश लर्नर’ (इंग्रजी अजून शिकत असलेलं मूल) ठरायला सुरुवात होते. डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, निधी मिळतो तो अशा मुलांच्या संख्येवर.

फॉर्मवर चार प्रश्न असतात: मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला लागलं, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी जास्त कोणती बोलता, आणि घरातली मोठी माणसं जास्त कोणती बोलतात. पहिल्या तिनांत कुठेही मराठी आली की प्रवेशानंतर ३० दिवसांत एल्पॅक ही राज्याची इंग्रजीची चाचणी होते. फक्त चौथ्यात आली तर निर्णय शाळेचा. म्हणजे आजी-आजोबांचं आपसातलं मराठी चौथ्या उत्तरात जातं, पहिल्या तिनांत नाही. मुलाला वेगळं काढतील या धास्तीने सगळीकडे ‘इंग्रजी’ लिहिणारे पालक बरेच असतात; मग मूल अडखळलं तरी मदत सुरू होत नाही. फॉर्म चुकला असेल तर चाचणीआधीच बदलून घ्या, नंतर बदलून ‘इंग्लिश लर्नर’ हा दर्जा हलत नाही. इंग्रजी पक्कं निघालं तर विषय तिथेच संपतो. नाही तर दर वर्षी फेब्रुवारी ते मे दरम्यान पुन्हा चाचणी, तो दर्जा निघेपर्यंत.

राज्याचा पैसा २०१३ पासून एलसीएफएफ या शाळा-निधीच्या सूत्राने येतो: अशा प्रत्येक मुलामागे मूळ अनुदानाच्या २० टक्के जादा. हीच वाढ कमी उत्पन्नाच्या घरातल्या आणि फॉस्टर केअरमधल्या (सरकारने दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवलेल्या) मुलांमागेही मिळते; तिन्ही गटांत बसणारं मूलही एकदाच मोजतात. आयटीतल्या घरातलं मूल मोजणीत येतं ते केवळ भाषेमुळे. मोजणीचा दिवस ऑक्टोबरचा पहिला बुधवार. पालो आल्टोसारख्या, मालमत्ता कराच्या जोरावर चालणाऱ्या डिस्ट्रिक्टला मात्र संख्या वाढली म्हणून राज्याकडून तेवढी रोकड येत नाही.

केंद्राचा निधी टायटल थ्रीचा, म्हणजे शिक्षण कायद्याच्या त्या नावाच्या भागाखालचा. तो मुख्यतः इंग्लिश लर्नरांच्या संख्येवर वाटला जातो. परदेशात जन्मलेल्या, अमेरिकेतल्या शाळेत तीन वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांचीही त्यात वेगळी मोजणी असते. पुण्याहून नुकतं आलेलं मूल दोन्हीकडे धरलं जाऊ शकतं. हा पैसा पुरवणीचा आहे: एल्पॅक घेणं किंवा रोजचा ईएलडी (अशा मुलांना इंग्रजी शिकवायचा) तास या शाळेच्या मूळ जबाबदाऱ्या त्यातून भागवता येत नाहीत.

हिशेब विचारायची जागा म्हणजे एलकॅप, डिस्ट्रिक्टचा पैसा कशावर खर्च होणार ते सांगणारा आराखडा. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर मिळतो आणि बोर्ड तो १ जुलैपूर्वी मंजूर करतं. जूनच्या सभेत बोलून फारसं हलत नाही, मसुदा तोवर ठरलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्येच ईलॅक, म्हणजे इंग्लिश लर्नरांच्या पालकांच्या शाळेतल्या समितीत जा. २१ किंवा जास्त इंग्लिश लर्नर असलेल्या शाळेत ती असावीच लागते. पूर्ण डिस्ट्रिक्टमध्ये ५१ किंवा जास्त असतील तर डिस्ट्रिक्ट पातळीवरची तशीच समिती, डीलॅक असते, आणि ती एलकॅपची सल्लागार समिती म्हणूनही काम करत असेल तर तिच्या सूचनांना सुपरिंटेंडंटने (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाने) लेखी उत्तर द्यावं लागतं, म्हणून मुद्दा तिथपर्यंत पोचवा. ‘निधीचं काय केलं?’ असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा: ईएलडी रोज किती मिनिटं, शिकवतं कोण, आणि त्या वेळात मुलाचा कोणता विषय बुडतो?