गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन हलेना? या चुका टाळा

हापशाचं पाणी भरताना नितळ असतं, तासाभरात हंड्यात तांबूस गाळ बसतो. मग घरातली एखादी जाणती बाई म्हणते, "आपल्या पाण्यातच लोह आहे, गोळ्या कशाला?" इथेच पहिली चूक होते. पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागली की गंजासारखं खाली बसतं. तो गाळ आपण फडक्याने गाळून टाकतो, म्हणजे लोहही गेलं. शिवाय रंगावरून प्रमाण कळत नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या लोहाची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. अशा दोन लिटर पाण्यातून 2 मिलिग्रॅम लोह मिळेल, गरोदरपणातल्या लाल गोळीत ते 60 मिलिग्रॅम असतं. त्यामुळे पाण्याचा रंग बघून गोळी बंद करू नका.

याच्या उलट चूक मला जास्त गंभीर वाटते: हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहच वाढवत राहायचं. बांगलादेशच्या वायव्य भागातल्या खेड्यांत ट्यूबवेलच्या पाण्यात लोह भरपूर असतं. तिथल्या बायकांची तपासणी झाली तेव्हा निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय होता, पण लोहाची कमतरता जवळपास नव्हती. बऱ्याच जणी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक निघाल्या. 2011-12 च्या तिथल्या राष्ट्रीय पाहणीतही लोहाची कमतरता अंदाजापेक्षा खूपच कमी आढळली. ज्या शरीरात लोह पुरेसं आहे, तिथे आणखी गोळ्यांनी रक्त कसं वाढणार?

आपल्याकडचं चित्र तसंच असेल असं धरून चालू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि आहारातलं कमी लोह हे त्याचं मोठं कारण आहे. पण ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, जंत, थॅलेसेमिया आणि नंदुरबार-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, हीही कारणं असतात. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर न थांबता डॉक्टरांना फेरिटिनबद्दल, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारा. मात्र ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन फसवं वाढतं. बरं वाटल्यावर तपासणी केलेली चांगली.

आता चहा. लोहाच्या पाण्यात केलेला चहा काळपट पडतो, कारण चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. गोळी चहाबरोबर घेतली तर पोटातही तेच होतं. दोन्हींत किमान तासाभराचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळी सोडू नका, ते लोहामुळेच होतं.

आणि लोह मिळावं म्हणून मुद्दाम तांबूस पाणी पिऊ नका. बांगलादेशात अशाच अनेक ट्यूबवेलच्या पाण्यात आर्सेनिकही निघालं आहे.

रक्तक्षयासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या महिनाभर नियमित घेऊनही हिमोग्लोबिन 1 ग्रॅमने वाढलं नाही, तर आशाताईंना तसं सांगा आणि पुढची तपासणी करून घ्या.