जीपीएस यंत्र घेऊन डोंगरात किंवा प्रवासाला निघताना या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की इंदूरहून पाताळपाणी, चोरल, जानापाव, तिंछा आणि मांडवगडाकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यांच्यापैकी काहींजवळ आता फोनखेरीज हातात धरायचे स्वतंत्र जीपीएस यंत्र असते, तर काहींच्या गाडीच्या काचेला नकाशा दाखवणारे यंत्र लावलेले असते. विंध्याच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथे अशा यंत्राचा मोठा आधार होतो. तरीही ‘यंत्राने भलतेच दाखवले’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते, आणि नीट चौकशी केली असता यंत्र बिघडलेले क्वचितच निघते. चूक बहुधा घरून निघण्यापूर्वीच झालेली असते, एखादी सेटिंग न तपासल्यामुळे किंवा यंत्राकडून जे मिळू शकत नाही ते अपेक्षित धरल्यामुळे.

यंत्र करते काय, हे आधी स्पष्ट असावे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत त्याच्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून ते प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढते, आणि किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे सांगते. तेवढेच त्याचे स्वतःचे ज्ञान असते. वाट, पूल, घाट, ओढा हे सारे नकाशातून येते, आणि तो नकाशा दुसऱ्या कोणीतरी, कधीतरी काढलेला असतो. यंत्राने दिलेले स्थान आणि नकाशातली वाट या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात.

सुरू करताच चालू लागणे

महिनोन्‌महिने कपाटात राहिलेले यंत्र पाताळपाणीच्या वाहनतळावर सुरू करून लगेच चालू लागणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती ३० सेकंदांच्या चक्रात पाठवतो, परंतु सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. यंत्र बराच काळ बंद असेल, किंवा शेवटचे शेकडो किलोमीटर दूर वापरलेले असेल, तर त्याला ही यादी नव्याने घ्यावी लागते. अशा वेळी मोकळ्या आकाशाखाली ते पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवावे. सहलीच्या आदल्या संध्याकाळी घराच्या गच्चीवर हे काम उरकून घेतले तर दुसऱ्या दिवशी स्थान मिनिटभरात मिळते. ट्रॅकची, म्हणजे चाललेल्या वाटेची, नोंद स्थान पक्के झाल्यावरच सुरू करावी, नाहीतर नोंदीच्या सुरुवातीलाच कित्येक किलोमीटरची खोटी उडी उमटते आणि चाललेल्या अंतराचा आकडा निरुपयोगी ठरतो.

अंश, मिनिटे आणि दशांश यांची गल्लत

या चुकीवर थोडे थांबायला हवे, कारण ती दिसत नाही आणि फसवते मात्र पुरेपूर. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती प्रचारात आहेत : नुसते दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिटे, किंवा अंश, मिनिटे आणि सेकंद. एकाने एका पद्धतीने पाठवलेले आकडे दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने यंत्रात भरले तरी यंत्र तक्रार करत नाही. ते निमूटपणे वेगळे ठिकाण दाखवते.

इंदूरचेच उदाहरण घेऊ. शहराचा मध्यभाग सुमारे २२ अंश ४३ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश ५१ मिनिटे पूर्व येथे आहे. दशांश पद्धतीत हे आकडे २२.७१७ आणि ७५.८५ असे होतात, कारण एका अंशात ६० मिनिटे असतात. आता एखाद्याने घाईत मिनिटांनाच दशांश समजून २२.४३ आणि ७५.५१ असे भरले, तर यंत्र त्याला सुमारे ४७ किलोमीटर नैर्ऋत्येला, मानपूरकडच्या डोंगराळ भागात नेईल. एवढी मोठी चूक निदान लक्षात तरी येते. सेकंद आणि दशांश मिनिटे यांची अदलाबदल झाली तर फरक काही शे मीटरांचा पडतो, आणि दरीच्या काठावर तोच जास्त धोक्याचा असतो. म्हणून आकडे मिळाले की ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे विचारून घ्यावे, यंत्रातली पद्धत तीच ठेवावी, आणि बिंदू भरल्यानंतर तिथपर्यंतचे अंतर व दिशा अपेक्षेप्रमाणे आहे का ते एकदा पाहावे.

याच जातीची दुसरी चूक नकाशाच्या पायाभूत मापनाची, म्हणजे डेटमची आहे. जीपीएस जगभर ‘डब्ल्यूजीएस ८४’ हे मापन वापरते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे मात्र १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिकृतीवर, आधारलेले आहेत, आणि त्या मापनाचा आरंभबिंदू कल्याणपूर आपल्याच मध्य प्रदेशात, सिरोंजजवळ आहे. जुन्या नकाशावरून काढलेले आकडे यंत्रात तसेच भरले तर इंदूर परिसरात सुमारे शंभर मीटरचा फरक पडतो. शेतातल्या वाटेवर शंभर मीटर म्हणजे काही नव्हे, परंतु मांडवगडच्या काकडा खोह या दरीच्या कडेला शंभर मीटर म्हणजे खोहच्या आत. जुना नकाशा वापरायचा असेल तर यंत्रात त्याचे डेटम निवडावे आणि काम झाल्यावर आठवणीने ‘डब्ल्यूजीएस ८४’वर परतावे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या मालिकेतील नकाशे ‘डब्ल्यूजीएस ८४’वरच आहेत, त्यामुळे शक्य असेल तिथे तेच वापरणे उत्तम.

उंचीच्या आकड्यावर विसंबणे

जीपीएसची उंची त्याच्या आडव्या स्थानाइतकी अचूक नसते. कारण साधे आहे : वरचे उपग्रह दिसतात, पायाखालचे पृथ्वी अडवते. त्यात आणखी एक भर पडते. काही साधी यंत्रे आणि फोनवरची काही अ‍ॅप समुद्रसपाटीऐवजी गणिती लंबगोलापासूनची उंची दाखवतात, आणि आपल्या भागात ती ५० ते ६० मीटर कमी भरते. इंदूरची उंची सुमारे ५५० मीटर असताना यंत्र ४९५ च्या आसपास दाखवत असेल, तर ते बिघडलेले नाही, त्याचा शून्य वेगळा आहे.

ज्या यंत्रांत हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असतो, त्यांची अडचण निराळी. हवेचा दाब एक हेक्टापास्कलने घसरला की उंची ८-९ मीटरने वाढलेली दिसते, आणि पावसाळी हवेत रात्रीतून दोन-तीन हेक्टापास्कलचा बदल सहज होतो. यावर आपल्याकडे फार सोयीचा उपाय आहे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पाताळपाणी किंवा कालाकुंड स्थानकावर उभे राहून तो आकडा यंत्रात भरला की दिवसभराच्या चढउताराचा हिशेब बराच विश्वासार्ह होतो.

दरीत, झाडीत आणि हातात

खोल दरीत आकाशाची एक अरुंद पट्टीच दिसते. उपग्रह थोडे आणि एकाच बाजूचे मिळतात, त्यातच संकेत कड्यांवर आपटून उशिरा पोहोचतात, त्यामुळे नोंदलेला ट्रॅक वेडावाकडा होतो आणि चाललेले अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. पडद्यावर ‘अचूकता ३ मीटर’ असे लिहिलेले असले तरी तो यंत्राचा स्वतःचा अंदाज असतो, हमी नसते. महत्त्वाचा बिंदू नोंदवायचा असेल तर तो दरीत उतरण्यापूर्वी, काठावरच्या मोकळ्या जागी नोंदवावा. यंत्रात जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ किंवा आपले नाविक या इतर उपग्रह यंत्रणा वापरण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. बॅटरी थोडी जास्त खर्च होते, पण दरीत तो खर्च सार्थकी लागतो.

यंत्र धरण्यातही चूक होते. गार्मिनच्या ई-ट्रेक्ससारख्या यंत्रात सपाट अँटेना असतो, त्यामुळे ते आकाशाकडे तोंड करून आडवे धरावे. ज्याला वर काठीसारखा अँटेना असतो ते उभे धरावे. आपल्या शरीरातले पाणी संकेत शोषते, म्हणून यंत्र कमरेच्या पाउचमध्ये किंवा पिशवीच्या तळाशी ठेवू नये. खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवणे सर्वांत चांगले.

दिशेच्या बाणाविषयीही असाच गैरसमज आहे. ज्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, ते उभे असताना दिशा सांगूच शकत नाही, कारण दोन स्थानांची तुलना करूनच त्याला दिशा कळते. दहा-वीस पावले सरळ चालल्यावर बाण स्थिर होतो. ज्यात होकायंत्र आहे, त्याचे प्रत्येक वेळी बॅटरी बदलल्यावर कॅलिब्रेशन (दिशेची जुळवणी) करावे, आणि चुंबकाचे झाकण असलेला फोन त्याच्याजवळ ठेवू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे : बाणाशेजारचे अंतर हे हवाई अंतर असते. मांडवगडचे पठार खोल खोहने माळव्याच्या पठारापासून वेगळे झालेले आहे, आणि रूपमतीच्या मंडपाखाली कडा थेट निमाडच्या मैदानापर्यंत कोसळतो. समोरचा बिंदू ‘६०० मीटर’ दिसत असला तरी पायी वाट कित्येक पट लांब असू शकते. बाणाच्या रेषेत झाडी तुडवत उतरणे हा मार्ग नव्हे. गाडी उभी केल्याबरोबर तिचा वेपॉइंट, म्हणजे त्या जागेचा बिंदू, नोंदवावा, प्रत्येक फाट्यावर एक बिंदू घ्यावा, ‘००१’, ‘००२’ ऐवजी ओळखीचे नाव द्यावे, आणि परतताना सरळ रेषेऐवजी ट्रॅकबॅकने आल्या वाटेनेच यावे. निघण्यापूर्वी जुना ट्रॅक जतन करून नोंद मोकळी केली नाही तर मागच्या सहलीची रेषा आजच्या रेषेत मिसळते. तसेच ‘रस्त्यावर खिळवा’ ही गाडीसाठीची सेटिंग पायी चालताना बंद करावी, नाहीतर यंत्र आपल्याला ओढून जवळच्या रस्त्यावर बसवते.

पाणी मात्र कोणतेच यंत्र दाखवत नाही. पाताळपाणीला जुलै २०११ मध्ये वरून अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली. ट्रॅक ओढ्याच्या पात्रातून जातो, मागच्या महिन्यात कोणीतरी तिथून गेले होते, एवढ्यावर पावसाळ्यात पात्रात उतरू नये.

गाडीत

गाडीतल्या यंत्राची पहिली अडचण जुना नकाशा ही असते. आपल्या भागातले रस्ते फार वेगाने बदलत आहेत. खंडवा रस्त्याच्या चौपदरीकरणात घाटात बोगदे आले, आणि आग्रा-मुंबई महामार्गावरच्या गणेश घाटात उतारावरच्या अपघातांमुळे नवा पर्यायी मार्ग बांधला गेला. जुन्या नकाशाचे यंत्र अशा नव्या रस्त्यावर गाडी शेतात असल्याचे दाखवते आणि वळायला सांगते. त्याचे ऐकून घाटात गाडी उलट वळवू नये. फलकांवर विश्वास ठेवावा आणि घरी आल्यावर नकाशा अद्ययावत करावा. बोगद्यात संकेत मिळत नाहीत, त्यामुळे बाहेर पडल्यावर लगेच फाटा असेल तर तो आधीच पाहून ठेवावा.

मार्गाच्या निवडीत ‘सर्वांत कमी अंतर’ ठेवले की यंत्र पाच किलोमीटर वाचवण्यासाठी गावातल्या वाटेने, नाल्यावरच्या रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) नेते. पावसाळ्यात ‘सर्वांत कमी वेळ’ निवडावा आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ चालू ठेवावे. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मार्ग बदलावा.

ठिकाण शोधताना नावांकडे लक्ष द्यावे. महूचे अधिकृत नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, होशंगाबाद २०२२ पासून नर्मदापुरम झाले, आणि आपण ज्याला मांडवगड म्हणतो ते बहुतेक नकाशांत मांडू म्हणून सापडते. यादीतले पहिले नाव दाबण्यापूर्वी अंतर पाहावे. मांडू इंदूरपासून रस्त्याने शंभरेक किलोमीटर आहे. आकडा तीनशे दिसला तर ते दुसरेच गाव आहे.

संकेत वारंवार तुटत असतील तर काचेवरची धातूमिश्रित उष्णतारोधक फिल्म तपासावी, आणि स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅम काढून पाहावा, कारण त्यांच्या विद्युत गोंधळाने जीपीएसचा क्षीण संकेत झाकला जातो. मेच्या उन्हात यंत्र काचेला लावून गाडी बंद करून जाऊ नये, बॅटरी फुगते.

जुन्या यंत्राची तारीख एकदम वीसेक वर्षे मागे गेली असेल तर ते आठवड्यांच्या मोजणीमुळे झालेले असते. जीपीएस १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यापासून मोजते, आणि अशी शेवटची वेळ एप्रिल २०१९ मध्ये आली. कंपनीचे नवे सॉफ्टवेअर टाकल्यास दोष जातो. ते उपलब्ध नसेल तर तारखेकडे दुर्लक्ष करावे, स्थान बहुधा बरोबरच असते.

बॅटरी आणि परदेशातून आलेली यंत्रे

यंत्रात अल्कलाइन, पुनर्भारित किंवा लिथियम यांपैकी जो सेल घातला असेल, तोच सेटिंगमध्ये निवडावा. नाहीतर शिल्लक बॅटरीचा आकडा खोटा निघतो. नकाशाचे कार्ड जुन्या यंत्राने वाचले नाही तर ते ३२ जीबीपेक्षा मोठे नाही ना, हे आधी पाहावे.

अमेरिकेतून मुलाने किंवा भाच्याने आणलेल्या यंत्रात बहुधा तिकडचाच नकाशा आणि मैलांचे माप असते, ते बदलून घ्यावे. मात्र इनरीचसारखे, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण असेल तर ते मागवूच नये. नुसते संकेत घेणारे जीपीएस आणि उपग्रहाशी बोलणारे उपकरण यांत कायदा फरक करतो. दूरसंचार विभागाच्या परवानगीविना दुसऱ्या प्रकारचे उपकरण भारतात बाळगणे गुन्हा आहे, आणि विमानतळावर ते सापडल्याने प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. रेंज नसलेल्या भागात जाताना त्याऐवजी घरी एक कागद ठेवून जावे. त्यावर वाट, सोबतची माणसे, परतण्याची वेळ, गाडी उभी करण्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि ते कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत, हे स्पष्ट नोंदवलेले असावे.