ड्रिल पलीकडे गेल्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये आटे पाडताना टॅप (आटे कापणारे हत्यार) अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे फिरवायचा, हे मी यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश घेण्याआधीच शिकलो होतो. टॅप तुटायच्या आधी हाताला कळतंय, असे वडील म्हणत. आज आभासी वास्तवातून शस्त्रक्रियेचा सराव देणाऱ्या प्रणालींसाठी मी हाताच्या क्रिया रचतो, आणि या क्षेत्रात येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच असते की, पडद्यावर काय दिसावे याच्या आधी हाताला काय कळावे हे ठरवा.

माझे पहिले काम मोडलेल्या हाडात स्क्रूसाठी छिद्र पाडण्याचे होते. लांब हाडाची अलीकडची भिंत टणक, मधला भाग मऊ आणि पलीकडची भिंत पुन्हा टणक असते. ती दुसरी भिंत भेदली की विरोध एकाएकी नाहीसा होतो. सरावलेला हात तिथेच थांबतो, नवख्याचा ड्रिल मात्र पुढे घुसून स्नायूला, मज्जातंतूला किंवा रक्तवाहिनीला इजा करू शकतो. शिकवायचे ते हे थांबणेच होते.

आभासी वास्तवात हातात धरायचा साधा कंट्रोलर थरथरतो, पण हाताला अडवत नाही. म्हणून मी भिंत भेदताच थरथर बंद केली. विद्यार्थ्यांना भराभर पूर्ण गुण मिळू लागले आणि मी खूश झालो. मग एका अस्थिशल्यचिकित्सकांनी ते वापरून पाहिले आणि विचारले, "खरा ड्रिल असा आपोआप गप्प होतो का हो?" मी मुलांना हाड ओळखायला नव्हे, घंटा वाजण्याची वाट पाहायला शिकवले होते. चुकीची सवय लावणारा सराव हा सराव नसण्यापेक्षा वाईट, हे तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी मटणाच्या दुकानातून नळ्या आणल्या (घरी पांढऱ्या रश्श्याची आशा निर्माण झाली, ती फोल ठरली), वर्कशॉपमधला छोटा व्हाइस वजनकाट्यावर ठेवला, त्यात नळी आवळली आणि हातड्रिलने छिद्रे पाडली. किती दाब पडतो हे काटा दाखवत होता. पण खरी खूण आवाजात सापडली. भार आला की मोटर मंदावून आवाज खाली उतरतो आणि भिंत सुटताच तो चढतो. नव्या रचनेत थरथर चालूच राहिली, फक्त तिचा पोत बदलला. आवाज भाराप्रमाणे उतरू-चढू लागला, आणि टणक थरात आभासी ड्रिल हाताच्या किंचित मागे राहू लागला, त्यामुळे डोळ्यांनाच विरोध जाणवू लागला. गुण मात्र ड्रिल पलीकडे किती मिलिमीटर गेला यावरच ठेवले.

हाताला खरोखर अडवणारी बलप्रतिसाद उपकरणेही असतात. त्यांच्यावर काम करताना लक्षात ठेवा की चित्र सेकंदाला ९० वेळा बदलले तरी डोळा समाधानी असतो, पण बलाची गणना साधारण १,००० वेळा करावी लागते. ती मंदावली की टणक पृष्ठभाग हातात थडथडू लागतो. म्हणून बलाची गणना चित्रापासून वेगळी चालवतात.

तरीही प्रत्येक कामाला असे उपकरण लागत नाही. येल विद्यापीठातल्या १६ निवासी डॉक्टरांवरचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आभासी सराव केलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचे काम इतरांपेक्षा २९ टक्के लवकर केले, आणि त्या सराव यंत्रात बलप्रतिसाद नव्हता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हत्यार पोटावरच्या छिद्रापाशी तरफेसारखे फिरते, हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. ही उलटी दिशा अंगवळणी पाडायची असेल, तर तरफेचा बिंदू अचूक असणे बलापेक्षा महत्त्वाचे ठरते.

परवानगी घेऊन शस्त्रक्रियागृहात उभे राहाल, तेव्हा ड्रिल धरलेल्या हाताइतकेच दुसऱ्या हाताकडे पाहा. तो हाडाशी टेकून ड्रिलला आधार देत असतो. माझ्या पहिल्या रचनेत तो हात नुसताच हवेत लोंबकळत होता.