चाळीतल्या एका खोलीचा समाजशास्त्रीय अभ्यास कसा करावा

कुटुंबातली विषमता अभ्यासायची म्हणून पहिल्याच भेटीत महिन्याचे उत्पन्न विचारणारा विद्यार्थी बहुधा फसवा आकडा घेऊन परततो. मुंबईत त्याहून भरवशाची खूण म्हणजे जागा. लालबाग, परळ किंवा वरळीच्या चाळीतली एकच खोली निवडावी आणि तिथल्या जागेवर, वेळेवर आणि कागदावर कोणाचा हक्क चालतो, एवढाच प्रश्न धरून ठेवावा.

प्रथम नकाशा काढावा. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ब्रिटिश काळात बांधलेल्या) चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची असते, त्यामुळे त्यास फार वेळ लागत नाही. मोरी, ओटा, पोटमाळा, लोखंडी कॉट आणि गॅलरी दाखवून दुपारी व रात्री कोण कुठे असते, ते त्यावर नोंदवावे. कॉट कोणाची, रात्रपाळीहून आलेल्या मुलासाठी दुपारी टीव्ही कोणी बंद ठेवायचा, दहावीतली मुलगी अभ्यासाला कुठे बसते आणि पाहुणे आले की आधी कोण उठते, हे विचारण्यापेक्षा बसून पाहिल्यास अधिक कळते.

वेळेची नोंद पाणी येण्याच्या वेळेपासून सुरू करावी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्यांची आहे आणि पुरुषांपैकी जेमतेम चौथा हिस्साच त्यात येतो, हे वाचताना विसरू नये.

‘घरात निर्णय कोण घेते?’ असे विचारल्यास ‘सगळे मिळून घेतो’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी फ्रिज घेतला तेव्हा किंवा मुलीचे कॉलेज ठरले तेव्हा कोण काय म्हणाले, हे विचारावे. घराचा इतिहासही असाच काढावा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाल्यावर घर कशावर चालले, या प्रश्नाला पुरुष बहुधा ‘कसेबसे’ म्हणून मोकळे होतात. तोच प्रश्न आजीला एकटीला विचारल्यास खानावळीचे डबे, लाटलेल्या पोळ्या, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी असा हिशेब निघण्याची शक्यता असते. खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हा संदर्भ जाण्याआधी माहीत असावा.

सर्वांत जास्त वेळ मात्र भाडेपावतीला, म्हणजे खोली कोणाच्या नावावर आहे याला द्यावा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जुन्या अल्प भाड्यावर धरलेल्या खोलीचे गणित निराळे आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत त्या वेळी राहत असलेल्या कुटुंबीयाला प्राधान्य मिळते आणि तसे कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. सासरी गेलेली मुलगी आणि खोलीत राहिलेला भाऊ यांच्यात इथे कायदाच भावाच्या बाजूला झुकतो. त्यातच पुनर्विकास आला की खोलीची किंमत वाढते (बीडीडीत १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते) आणि ना-हरकत पत्रांची, म्हणजे खोलीवर हक्क सांगणार नाही अशा सह्यांची धावपळ सुरू होते. बहिणीने सही केली असल्यास ती कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या प्रसंगी आणि बदल्यात काय मिळून केली, हे भाऊ-बहिणीला स्वतंत्रपणे विचारावे, कारण दोघे समोरासमोर असताना या विषयावर केवळ गोडवा ऐकू येतो.

राजकारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रात पालिकेच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही चाळीच्या पुनर्विकास समितीच्या सभेला बसून कोण बोलते, कोण दारातून ऐकते आणि बिल्डरचा माणूस कोणाला फोन करतो, हे पाहावे. राजकीय पक्षाच्या शाखेत किंवा गणेशोत्सव मंडळात कोणाची ऊठबस आहे, याचा या यादीशी ताळा घ्यावा.

अहवालात चाळीचे नाव, मजला आणि खोली क्रमांक बदलावेत. भाडेपावतीचा वाद कोर्टात असल्यास त्याविषयीचा मजकूर सरळ गाळावा, कारण तुमची टिपणे उद्या कोणत्या वकिलाच्या हाती लागतील ते सांगता येत नाही.